महाबळेश्वर : सार्वजनिक स्थळे, खासगी आवारे आणि विहाराचा हक्क

प्रस्तावना

समुद्रकिनाऱ्यावरील विहारस्थळांचा अभ्यास करताना एक प्रश्न प्रथमच उपस्थित होतो. किनारा कोणाचा? वाळू सर्वांची असली तरी तिच्याकडे जाणारी वाट हॉटेलाच्या आवारातून जात असेल, तर किनाऱ्याचे सार्वजनिकत्व नावापुरतेच उरते. सहाव्या शतकातील रोमन सम्राट जस्टिनियन याच्या विधिसंग्रहात वायू, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्रकिनारा या गोष्टी निसर्गतः सर्वांच्या सामाईक मानल्या आहेत. भारतात भरती आणि ओहोटी यांच्या रेषांमधील पट्टा शासनाच्या मालकीचा समजला जातो. किनाऱ्यालगतच्या बांधकामावर १९९१ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने निर्बंध घातले आणि पुढे २०११ व २०१९ मध्ये त्या नियमांची फेरमांडणी झाली. असे असूनही गोव्यापासून श्रीवर्धनपर्यंत किनाऱ्याच्या वाटांविषयीचे तंटे संपलेले नाहीत.

थंड हवेच्या ठिकाणी समुद्र नसतो. तेथे वाळूच्या जागी कडा असतो. महाबळेश्वरच्या पठाराची पश्चिम कड जेथे कोकणात कोसळते, तेथे उभे राहून दरी न्याहाळणे हाच या स्थळाचा मुख्य आनंद होय. किनाऱ्याप्रमाणेच कड्याबाबतही मालकी, वाट आणि पाहण्याचा हक्क हे प्रश्न उद्भवतात. महाबळेश्वरातील सार्वजनिक स्थळे आणि खासगी आवारे यांची विभागणी कोणत्या ऐतिहासिक परिस्थितीत झाली, 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ येथे कसकसा पालटत गेला आणि आजच्या प्रवाशाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. महाबळेश्वरवरील उपलब्ध लेखन प्रामुख्याने स्थळवर्णनपर आहे. १८८५ चे सातारा गॅझेटियर आणि रावबहादूर द. ब. पारसनीस यांचा १९१६ चा इंग्रजी ग्रंथ ही त्यातील महत्त्वाची साधने असून त्यांत स्थळांची माहिती विपुल आहे. मात्र स्थळांवरील हक्काचा प्रश्न त्या लेखकांसमोर नव्हता.

क्षेत्र आणि त्याचे हक्कदार

इंग्रजांनी महाबळेश्वर 'शोधून काढले' असे विधान अनेक पुस्तकांत आजही आढळते. ते सोडून देणेच इष्ट होय. जुने महाबळेश्वर अर्थात क्षेत्र महाबळेश्वर हे कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगमस्थान म्हणून शतकानुशतके प्रसिद्ध आहे. ६ जानेवारी १६६५ रोजी शिवाजी महाराजांनी येथेच मातोश्री जिजाबाई आणि सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला केली. त्यापूर्वी १६५६ मध्ये जावळी स्वराज्यात आली होती आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी समोरच्याच प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला होता. सारांश, एकोणिसाव्या शतकापूर्वीही हे पठार निर्जन नव्हते, निनावी तर मुळीच नव्हते.

क्षेत्राच्या काळात येथील जागेचे स्वरूप कसे होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. पंचगंगेच्या कुंडावर येणारा यात्रेकरू ती जागा खरेदी करत नसे, किंवा तिचे भाडेही देत नसे. दर बारा वर्षांनी येणाऱ्या कन्यागत पर्वकाळात कृष्णेच्या उगमावर मोठी गर्दी लोटे. कुंडावर हक्क असे तो उत्पन्नाचा आणि मानाचा. देवस्थानात कोळी समाजातील घराण्यांकडे पिढीजात सेवा आणि मान होते. या भागातील जुन्या शिवालयांची पूजा कोळी गुरवांकडे असणे हे येथील एक वैशिष्ट्यच होय. या व्यवस्थेला आजच्या अर्थाने सार्वजनिक म्हणता येणार नाही. जातिव्यवस्थेने अनेकांना कुंडापासून आणि गाभाऱ्यापासून दूर ठेवले होते, आणि हे दूर ठेवणे खासगी मालकीच्या बळावर नव्हे, तर रूढीच्या बळावर होत असे. हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे, कारण पुढे या दोन्ही प्रकारच्या बंदी एकाच डोंगरावर शेजारी शेजारी नांदल्या.

१८२९ चा करार आणि मालकमपेठ

१८२४ मध्ये साताऱ्याच्या छावणीतील लॉडविक हा अधिकारी या पठारावर आला. येथे आलेला पहिला युरोपीय म्हणून त्याचे नाव घेतले जाते. पुढे साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल जॉन ब्रिग्ज यांच्या सांगण्यावरून छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून येथपर्यंत रस्ता बांधविला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ च्या सुमारास आजारी युरोपीय सैनिकांसाठी हे ठिकाण निवडले आणि १८२९ मध्ये करार होऊन महाराजांनी महाबळेश्वरचा भूभाग कंपनी सरकारच्या स्वाधीन केला. मोबदल्यात वाई भागातील खंडाळा हे गाव त्यांना मिळाले. नव्या वसाहतीस माल्कम यांचे नाव देण्यात आले आणि ती मालकमपेठ म्हणून ओळखली जाऊ लागली.

हा व्यवहार दोन सत्तांमध्ये झाला. पठारावर वस्ती करून राहणाऱ्या कोळी, धनगर, कुणबी आणि धावड यांना त्यात पक्षकार म्हणून स्थान नव्हते. व्यवहाराचा दुसरा पक्षही फार काळ टिकला नाही. ज्या प्रतापसिंह महाराजांनी रस्ता करून दिला आणि डोंगर स्वाधीन केला, त्यांनाच इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीस पाठविले. त्यांचे बंधू शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज १८४८ मध्ये निवर्तले आणि डलहौसीच्या धोरणानुसार सातारचे राज्य खालसा झाले. गावाच्या मोबदल्यात डोंगर घेतला गेला आणि एकोणीस वर्षांत ते गावही, राज्यासह, घेणाऱ्याकडेच परत गेले.

मालकमपेठेची मांडणी तीर्थक्षेत्राच्या अगदी उलट तत्त्वावर झाली. जमीन सरकारी राहिली आणि तिचे भूखंड पाडून ते बंगल्यांसाठी भाडेपट्ट्याने देण्यात आले. प्रत्येक बंगल्याला विस्तीर्ण आवार, दगडी खांबांचे फाटक आणि फाटकावर नाव असे. माल्कम यांच्यासाठी १८२९ मध्ये बांधलेला 'माउंट माल्कम' हा या परंपरेचा आरंभ होय. बाजार, बंगले आणि सरकारी इमारती यांची जागा निरनिराळी ठेवण्यात आली. पुढे चर्च, १८६४ मधील फ्रियर हॉल व त्यातील वाचनालय आणि १८८० च्या दशकाच्या आरंभी स्थापन झालेला क्लब यांनी या समाजजीवनाला आकार दिला. एप्रिल ते जूनच्या आरंभापर्यंत मुंबई सरकारचा मुक्काम येथे असे. जूनच्या मध्यास पावसाची झोड सुरू होण्यापूर्वी घरांच्या भिंती गवताच्या ताट्यांनी झाकल्या जात आणि सारी मंडळी पुण्यास किंवा मुंबईस उतरत. वर्षाला सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या पठारावर उरलेले महिने कोण राहत होते, हा प्रश्न त्या काळच्या वर्णनांत क्वचितच येतो.

गिरिस्थानांच्या इतिहासाचे अभ्यासक डेन केनेडी यांनी 'द मॅजिक माउंटन्स' (१९९६) या ग्रंथात असे दाखविले आहे की, ही ठिकाणे इंग्रजांनी एतद्देशीयांपासून दूर राहण्यासाठी निर्माण केली खरी, पण ती चालविण्यासाठी त्यांना एतद्देशीयांच्याच श्रमांवर अवलंबून राहावे लागले. महाबळेश्वर त्यास अपवाद नाही. मलाया सामुद्रधुनीच्या वसाहतींतून आणलेल्या चिनी व मलायी कैद्यांसाठी येथे १८३४ मध्ये तुरुंग उभारण्यात आला. तो १८६४ पर्यंत चालू होता. सुमारे १२० कैदी तेथे असत. बटाटे व इतर विलायती भाज्यांची लागवड आणि वेताच्या टोपल्या विणण्याचे काम त्यांनी केले. 'चायनामन्स फॉल' या धबधब्याच्या नावात त्यांची आठवण उरली आहे, आणि 'धोबी फॉल' या नावात आणखी एका कष्टकरी वर्गाची. गव्हर्नरांची नावे कड्यांना मिळाली, कैद्यांची आणि परीटांची ओढ्यांना! धावडांच्या वाट्याला तर तेवढेही आले नाही. लोखंड गाळणे हा या मुसलमान समाजाचा पिढीजात व्यवसाय होता. त्याला लागणारा कोळसा रानातून येई. वनसंरक्षणाचे नियम कडक झाल्यावर हा व्यवसाय बंद पडला. विहारासाठी राखलेल्या सावलीचा भार कोणी उचलला, याचे हे ठसठशीत उदाहरण म्हणता येईल.

कड्यांचे 'पॉइंट' कसे झाले

बंगल्यांची आवारे खासगी झाली, पण कडे खासगी झाले नाहीत. महाबळेश्वरच्या इतिहासातील ही महत्त्वाची घटना असूनही तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. एल्फिन्स्टन, बॉम्बे, कार्नॅक, फॉकलंड, बॅबिंग्टन, केट्स, लॉडविक, आर्थर सीट ही टोके कोणाच्याही बंगल्याच्या हद्दीत गेली नाहीत. त्यांच्यापर्यंत रस्ते काढण्यात आले, काही ठिकाणी बसण्याचे कट्टे बांधले गेले आणि संध्याकाळी घोड्यावरून किंवा गाडीतून तेथे जाण्याचा परिपाठ पडला.

यामागे लोकहिताची दूरदृष्टी होती असे मानण्यास आधार दिसत नाही. कारणे व्यावहारिक होती. कड्याच्या अगदी टोकाला घर बांधणे पश्चिमेच्या पावसात अवघड होते. आर्थर सीटवर घर बांधून राहणाऱ्या आर्थर मॅलेट याच्यासारखे अपवाद त्यामुळेच लोकांच्या लक्षात राहिले. दुसरे कारण सामाजिक होते. उन्हाळी हंगामातील छोट्या युरोपीय समाजाला रोज संध्याकाळी एकत्र भेटण्यासाठी जागा हवी होती. समुद्रकाठच्या गावात जे काम किनाऱ्यावरील फेरफटक्याचा रस्ता करतो, ते येथे बॉम्बे पॉइंटने केले. गव्हर्नरपत्नी लेडी फॉकलंड यांच्या १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'चाउ-चाउ' या प्रवासवृत्तात महाबळेश्वरच्या मुक्कामाची वर्णने आहेत, आणि त्यांत दरीचे दृश्य हा समाजजीवनाचाच एक भाग आहे. म्हणजे कडे 'सार्वजनिक' राहिले ते एका लहानशा समूहाच्या सोयीसाठी. परंतु जे सोयीसाठी राखले गेले, ते पुढे हक्क म्हणून मागता आले. किनाऱ्यावरही अनेक ठिकाणी असेच घडले आहे.

नावांचा इतिहासही याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे. आर्थर सीटचे जुने नाव मढीमहाल, केट्स पॉइंटचे नाकेखिंड आणि विल्सन पॉइंटचे सिंदोळा. माल्कम यांच्या कन्येचे नाव नाकेखिंडीला मिळाले. सुमारे १४३८ मीटर उंचीचा सिंदोळा हा पठारावरील सर्वांत उंच माथा. १९२३ ते १९२८ या काळात गव्हर्नर असलेल्या सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला देण्यात आले. सिडनी पॉइंटचे लॉडविक पॉइंट झाले, म्हणजे इंग्रजी नावेही इंग्रजांनीच बदलली. नाव देणे हा मालकीचाच एक सौम्य प्रकार असतो. स्वातंत्र्यानंतर बॉम्बे पॉइंटला लोकांनी आपल्या सोयीने 'सनसेट पॉइंट' म्हणावयास आरंभ केला. त्यासाठी कोणत्याही ठरावाची गरज पडली नाही. मढीमहाल आणि नाकेखिंड मात्र परत आले नाहीत.

वेण्णा तलावाची कथा थोडी निराळी आहे. हा तलाव इंग्रजांनी बांधलेला नाही. शहाजी महाराजांनी १८४२ मध्ये वेण्णेच्या प्रवाहास बांध घालून तो करविला. आज नौकाविहारासाठी तेथे झुंबड उडते, पण महाबळेश्वर आणि पाचगणी या दोन्ही गावांना पाणी पुरविणारा हाच जलाशय आहे, हे काठावर घोड्यावरून रपेट करणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते, याविषयी शंकाच आहे. एकाच पाण्यावर प्रवाशाचा विहाराचा आणि रहिवाशाचा पिण्याचा, असे दोन हक्क आहेत. दोन्ही सार्वजनिकच, परंतु त्यांत अग्रक्रम कोणाचा, हे सांगावयास नको.

सावित्रीच्या काठी ठरलेला अर्थ

आर्थर सीटवरून खाली जी दरी दिसते ती सावित्रीची. ही नदी पोलादपूर आणि महाडवरून वाहत जाऊन हरिहरेश्वर व बाणकोट यांच्या मध्ये समुद्राला मिळते. बाणकोटचा किल्ला १७५५ मध्ये तुळाजी आंग्रे यांच्याकडून इंग्रजांनी घेतला आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले. महाबळेश्वरास येणारे मुंबईचे युरोपीय प्रवासी पुष्कळदा समुद्रमार्गे बाणकोटला आणि तेथून होडीने सावित्रीतून महाडपर्यंत येत. मग घाट चढत. बॉम्बे पॉइंटचे नावही मुंबईकडील या जुन्या वाटेशी निगडित आहे. समुद्रकिनारा आणि गिरिस्थान एकाच नदीने असे जोडलेले होते.

आणि याच वाटेवरच्या महाडात 'सार्वजनिक' या शब्दाचा आधुनिक अर्थ ठरला. रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. सरकारी निधीतून बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने इत्यादी ठिकाणी अस्पृश्य मानलेल्या वर्गास मज्जाव असू नये, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, परंतु ते कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या अनुयायांसह तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर प्रतिपक्षाने तळे खासगी असल्याचा दावा न्यायालयात केला. हा मुद्दा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. जोवर रूढी पुरेशी होती, तोवर तळ्याच्या मालकीची कोणास आठवण नव्हती. रूढी डळमळताच मालकीचा आधार घेण्यात आला. १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने हा दावा फेटाळला.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि लोकांच्या राबत्याच्या जागा यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकावर निर्बंध असणार नाही, अशी तरतूद आहे. हॉटेले आणि करमणुकीच्या जागाही त्यात समाविष्ट आहेत. महाबळेश्वरचा कडा, तलाव, धबधबा, हॉटेल आणि पंचगंगेचे कुंड हे सारे या एका अनुच्छेदाच्या कक्षेत येतात. १९४७ च्या मुंबई प्रांताच्या मंदिरप्रवेश कायद्याने देवालयांचीही दारे उघडली होती. गव्हर्नरांच्या हंगामी समाजासाठी जे कडे मोकळे ठेवले गेले, ते आता प्रत्येक नागरिकाचे झाले. महाडच्या तळ्यापासून या कड्यांचे सरळ अंतर फार नाही. तरीही गिरिस्थानाच्या इतिहासात महाडचा आणि महाडच्या इतिहासात गिरिस्थानाचा उल्लेख सहसा आढळत नाही.

या संक्रमणकाळातील एक प्रसंग नोंदविण्याजोगा आहे. मे १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेतून मुक्त झालेले महात्मा गांधी १९४५ च्या उन्हाळ्यात विश्रांतीसाठी महाबळेश्वरास आले आणि मोरारजी कॅसल या बंगल्यात राहिले. बंगला खासगी, धनिकाचा. परंतु सायंप्रार्थना हा गांधीजींच्या दिनक्रमाचा अविभाज्य आणि खुला भाग असे. बंगल्याचे फाटक उघडे राहिले की आवाराचा अर्थ कसा बदलतो, याचे हे लहानसे उदाहरण होय.

स्वातंत्र्योत्तर बदल

स्वातंत्र्यानंतर गिरिस्थानावर येणारा वर्ग बदलला. एस. टी. बसने येणारी कुटुंबे, शाळांच्या सहली, नवविवाहित जोडपी आणि पुढे स्वतःच्या मोटारीने येणारा मध्यमवर्ग यांनी कड्यांवरची संध्याकाळ भरून गेली. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने निवासाची सोय केली. राज्यपालांचे राजभवन येथे आजही आहे आणि भाडेपट्ट्याचे बंगलेही आहेत. अनेक बंगल्यांची हॉटेले झाली. पट्ट्यांचे नूतनीकरण, अटींचा भंग आणि ताबा यांबाबतचे वाद महसूल खात्यासमोर आणि न्यायालयांत वारंवार आले आहेत. १८२९ नंतरच्या त्या मूळ रचनेचे, म्हणजे सरकारी जमीन आणि खासगी उपभोग यांचे, हे आजचे रूप होय.

वाढत्या बांधकामाच्या पार्श्वभूमीवर केंद्र शासनाने १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर व पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. सुमारे १२४ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात येते. चर्चा झाली ती मुख्यत्वे मजल्यांची उंची, वृक्षतोड आणि अनधिकृत बांधकामे यांविषयी. अधिसूचनेतील दुसरी बाब मात्र दुर्लक्षित राहिली. नैसर्गिक वारसा म्हणून जतन करावयाच्या गोष्टींत खडकांच्या रचना, धबधबे, झरे, घळी यांच्याबरोबर पॉइंट आणि फेरफटक्याच्या वाटा यांचाही समावेश आहे. म्हणजे पायवाट हीसुद्धा जतन करण्याची वस्तू ठरली. तिच्यावर कुंपण घालणे हे शेजाऱ्याशी भांडण न राहता वारशाला बाधा आणणे ठरते.

त्यापूर्वी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातील बियास नदीच्या काठच्या एका हॉटेलाच्या प्रकरणात (एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ) सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व मान्य केले होते. समुद्र, वाहते पाणी, वने यांसारख्या साधनांचे शासन हे मालक नसून लोकांच्या वतीने विश्वस्त आहे, असे ते तत्त्व. जस्टिनियनच्या संग्रहातील विचार असा चौदा शतकांनी एका गिरिस्थानातील हॉटेलासमोर येऊन उभा राहिला. महाबळेश्वरच्या कड्यांस हे तत्त्व लागू करावयाचे झाल्यास शासनाने केवळ प्रवेशकर घेऊन थांबणे पुरेसे नाही. कड्यापर्यंतची वाट मोकळी ठेवणे आणि कडा ढासळू न देणे हेही विश्वस्ताचे कर्तव्य ठरते.

माथेरानशी तुलना येथे उपयुक्त ठरेल. १८५० मध्ये ह्यू मॅलेट या ठाण्याच्या कलेक्टरने प्रसिद्धीस आणलेल्या त्या गिरिस्थानी मोटारींना बंदी राहिली. तेथील पॉइंटवर जायचे तर पायी किंवा घोड्यावरून, आणि वाट जंगलातून. महाबळेश्वरात मोटार थेट कड्यापर्यंत जाते. वृद्ध आणि अपंग प्रवाशांच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे, हे मान्य केले पाहिजे. पण वाहनतळासाठी, दुकानांसाठी आणि गाड्यांच्या रांगेसाठी जी जागा लागते, ती कड्याच्याच पाठीमागच्या रानातून येते. पायी चालणे थांबले की पायवाटा विस्मृतीत जातात. वापर नसलेली वाट कोणाच्या तरी आवारात सामील होणे सोपे असते.

स्थळदर्शनाची रीत

इतिहासाच्या अभ्यासाने प्रवाशाला काही व्यावहारिक दिशा मिळते काय, असा प्रश्न विचारता येईल. मिळते, असे वाटते.

मे महिन्यात कोकणाची बाजू बहुधा धुरकट असते. पावसानंतर, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दरीचा तळ स्वच्छ दिसतो. जुन्या सरकारी हंगामामुळे उन्हाळ्याला प्रतिष्ठा मिळाली एवढेच. शाळांच्या सुट्यांनी ती टिकवून ठेवली. ऐन पावसात धुक्यामुळे कड्यावरून काहीच दिसत नाही आणि निसरड्या कातळावर जाणे धोक्याचे असते. तेव्हा कठड्यापलीकडे पाऊल टाकू नये, हे सांगण्यास इतिहासाची गरज नाही. सूर्योदयासाठी विल्सन पॉइंट आणि सूर्यास्तासाठी बॉम्बे पॉइंट हा परिपाठ योग्यच आहे. तथापि बॉम्बे पॉइंटवर सूर्याकडे पाहणाऱ्यांनी थोडे उजवीकडे पाहिल्यास प्रतापगड दिसतो, आणि मग १६५९ व १८२९ ही दोन्ही सालें एकाच दृष्टिक्षेपात येतात. केट्स पॉइंटवरून कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी दिसते. पठारावरच्या पाण्याने खालची किती गावे जगतात, हे समजण्यास याहून चांगली जागा नाही.

आर्थर सीटचा रस्ता क्षेत्र महाबळेश्वरवरूनच जातो. बहुतेक वाहने परतताना तेथे थांबतात, तेही घाईघाईने. क्रम उलटा करून आधी पंचगंगेवर जावे आणि मग सावित्रीच्या दरीवर, म्हणजे उगमाकडून प्रवाहाकडे जाणे होते. देवस्थान हे उपासनेचे स्थळ असल्याने तेथील नियम पाळणे आलेच. वेण्णा तलावावर खाद्यपदार्थांचे कागद पाण्यात टाकणारा प्रवासी दुसऱ्या कोणाच्या तरी हंड्यात ते टाकत असतो.

खासगी आवारांबाबतही थोडा विवेक हवा. पट्ट्याचा बंगला हा राहणाऱ्याचा निवास आहे आणि त्याच्या फाटकातून आत शिरण्याचा प्रवाशाला हक्क नाही. परंतु फाटकाबाहेरची वाट, ओढ्याचा काठ, रानातून कड्याकडे जाणारी जुनी रपेटीची पाऊलवाट यांवरून चालण्यास संकोच करण्याचे कारण नाही. एखादी वाट अचानक बंद दिसल्यास गिरिस्थान नगरपरिषदेकडे किंवा वन विभागाकडे विचारणा करावी. ही विचारणा भांडखोरपणाची समजली जाते, ही खेदाची गोष्ट होय. चवदार तळ्याच्या बाबतीत नगरपालिकेचा ठराव तीन वर्षे कागदावर पडून होता, कारण त्याच्या अंमलबजावणीसाठी प्रत्यक्ष पाण्यापर्यंत चालत जाणारे कोणी नव्हते.

वाटाड्या म्हणून स्थानिक माणूस सोबत घेतल्यास मढीमहाल, नाकेखिंड, सिंदोळा ही नावे विचारून पाहावीत. काहींना ती ठाऊक असतात. ज्यांना ठाऊक नसतात, तेही आपल्या वाडीतल्या वडीलधाऱ्यांना विचारून सांगतात.